बेअरिंगवर हात ठेवणारे टेंभेकर साहेब

आदरणीय मुकुंदराव टेंभेकर साहेबांची आणि माझी पहिली भेट कळंबच्या जिनिंगमध्ये झाली आणि त्या भेटीत त्यांनी मला माझं नाव विचारलं नाही. मी तेव्हा राळेगावला एका गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करत होतो. जिनिंगला फिटर पाहिजे असं कळलं, म्हणून आयटीआयचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेलो. फाटकावरच्या माणसाने नाव-गाव विचारून आत बोट दाखवलं. आत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ चालत्या शाफ्टजवळ डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, यांना चक्कर येत असावी. मी जवळ जाताच त्यांनी डोळे उघडले, माझा हात मनगटाला धरला आणि शाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याच्या लोखंडी घरावर ठेवला.

"काय वाटतं?"

"गरम हाय साहेब."

"गरम आहे की तापलंय?"

"हात ठेववतो ना? मग गरम आहे. ज्या दिवशी ठेववणार नाही त्या दिवशी मला हाक मारायची. मी जेवत असलो तरी," एवढं बोलून ते पुढच्या बेअरिंगकडे निघून गेले. नोकरी मिळाली आहे, हे मला संध्याकाळी फाटकावरच्या त्या माणसानेच सांगितलं.

साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी मी लिहावं, असा गौरव समितीचा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. या ग्रंथात प्राध्यापक लिहिणार, डॉक्टर लिहिणार, साहेबांचे यवतमाळचे शाळकरी मित्र लिहिणार. मी प्रल्हाद आडे, कळंबजवळच्या तांड्यावरचा माणूस. साहेबांच्या हाताखाली फिटर म्हणून लागलो आणि आज त्यांच्याच खुर्चीवर बसून त्याच जिनिंगची देखभाल पाहतो. लिहायची सवय नाही. पण समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "साहेबांनी इतकी वर्षं नेमकं केलं काय, हे आम्हाला कोणालाच नीट माहीत नाही हो. ते विचारलं की ग्रीस दिलं म्हणतात." हे मात्र मला सहन झालं नाही, म्हणून लिहायला बसलो.

साहेब खोटं सांगत नाहीत. त्यांनी ग्रीसच दिलं. पण त्यात काय काय येतं, हे ज्यांनी जिनिंग आतून पाहिली नाही त्यांना सांगावं लागेल.

जिनिंगमध्ये शेतकऱ्याचा कापूस येतो आणि मशीनमधून सरकी वेगळी होऊन पांढरी रुई बाहेर पडते. आमच्या जुन्या जिनिंगमध्ये सगळ्या मशीन एका लांबलचक शाफ्टवर चालायच्या. हा शाफ्ट जमिनीखालच्या बोगद्यातून जायचा आणि त्यावरून पट्टे वर यायचे. बोगद्याला वरून लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर उभ्या राहून बाया पाट्यांनी मशीनमध्ये कापूस टाकायच्या. हवेत दिवसभर रुई उडायची आणि फटींतून खाली जाऊन शाफ्टच्या आजूबाजूला साठायची. आता अशा ठिकाणी एखादं बेअरिंग कोरडं पडलं तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही. लोखंड लोखंडावर घासतं, तापतं, आणि शेजारी रुई पडलेली असते. दुसऱ्या कारखान्यात वंगण चुकलं तर मशीन बिघडते, काम थांबतं, नवा भाग बसवावा लागतो. जिनिंगमध्ये वंगण चुकलं तर वर बाया उभ्या असतात. साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी बोगद्यात नेऊन वरच्या फळ्यांकडे बोट दाखवायचे आणि त्यांच्या फटींतून दिसणारे पाय बघायला लावायचे.

मग कोणी ग्रीस द्यायला टाळेल कशाला, असं वाचकांना वाटेल. टाळतात, आणि जिनिंगमध्ये तर जास्तच टाळतात, कारण इथे सगळा जीव रुईच्या पांढरेपणात असतो. रुईवर ग्रीसचा एक डाग पडला की व्यापारी गाठ बाजूला काढतो. त्यामुळे प्रत्येक जिनिंगचे शेटजी वंगणाच्या डब्याकडे शत्रू म्हणून पाहतात. आमचे तेव्हाचे शेटजी तर ग्रीसचा हात लागलेल्या माणसाला रुईच्या खोलीच्या दारातूनच परत पाठवायचे. ऑइलमन नत्थूजींना त्यांची ताकीद होती की ग्रीस कमी द्या, आणि दिलं की लगेच पुसा. नत्थूजी बिचारे एका हातात ग्रीस गन आणि खांद्यावर फडकं घेऊन फिरायचे. त्यांचं फडकं गनपेक्षा जास्त चालायचं.

साहेब शेटजींशी यावरून भांडत, पण त्यांचं भांडण ऐकताना ते भांडताहेत असं वाटत नसे. "शेटजी, डाग पडू नये हे तुमचं बरोबर आहे. म्हणून ग्रीस आत गेलं पाहिजे, बाहेर नाही." जास्त ग्रीस कोंबणाऱ्यालाही ते सोडत नसत. गच्च भरलं तरी बेअरिंग तापतं, हे त्यांनी आम्हाला एकदा मुद्दाम करून दाखवलं होतं. निपल, म्हणजे ज्या बारीक तोंडातून ग्रीस आत जातं ती, आधी स्वच्छ पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर कचराही आत जातो. आधी पुसायचं फडकं वेगळं, नंतरचं वेगळं. घरात पूजेच्या पाटावर असते तेवढी शिस्त त्यांच्या त्या फडक्यांना होती.

हंगामाच्या सुरुवातीला जिनिंगमध्ये मुहूर्त करतात. मशीनला हार, हळदीकुंकू, नारळ, पहिल्या गाडीवाल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं. साहेबांनी या मुहूर्तात एक रीत घातली. नारळ फोडण्याआधी बोगद्यातल्या सगळ्या बेअरिंगना ग्रीस द्यायचं आणि ते झालं असं ऑइलमनने वर येऊन सांगितल्यावरच गुरुजींनी मंत्र सुरू करायचा. एका वर्षी गुरुजींना पुढे यवतमाळला वास्तुशांत होती. त्यांनी घाई केली तर साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, देवाला थांबायची सवय आहे. बेअरिंगला नाही." गुरुजी थांबले. घरी गेल्यावर काकूंनी म्हणजे साहेबांच्या पत्नींनी त्यांना याबद्दल बरंच ऐकवलं म्हणे.

काकूंचा विषय निघाला म्हणून सांगतो, या माणसाबरोबर कुठे बाहेर जाणं सोपं नव्हतं. एसटीत बसले की चाकाचा आवाज ऐकत. पुढच्या थांब्यावर उतरून ड्रायव्हरला सांगत, "मागच्या डाव्या चाकाचं बघून घ्या हं." कोणाकडे जेवायला गेले की आधी पंख्याकडे पाहत. माझ्या लग्नात साहेब आणि काकू तांड्यावर आले होते. अक्षता पडायची वेळ झाली तरी साहेब दिसेनात. शेवटी माझा चुलतभाऊ त्यांना जनरेटरच्या मागून शोधून घेऊन आला. रेशमी कुडत्याच्या बाह्या वर केलेल्या आणि हाताला काळं. काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. अक्षता मात्र त्यांनी त्याच हाताने टाकल्या, आणि माझ्या फेट्यावर त्यांचा डाग पडला तो मी कधी धुतला नाही.

आता मी त्या वर्षाविषयी लिहितो. मी साहेबांचा ऋणी का आहे, हे त्याशिवाय कळणार नाही. माझं लग्न त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं.

त्या वर्षी शेटजींनी मुहूर्ताला मोठी मंडळी बोलावली होती आणि म्हणून सगळ्या जिनिंगला रंग द्यायचं ठरवलं होतं. भिंतींना पिवळा, मशीनला हिरवा. साहेब सुटे भाग आणायला नागपूरला गेलेले असताना रंगारी आले. कामसू माणसं होती. समोर दिसेल ते त्यांनी रंगवलं. बोगद्यातही उतरले, बेअरिंगची घरं रंगवली आणि त्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी जी ग्रीस निपल असते, तीही रंगवली. निपलच्या तोंडात रंग गेला आणि तिथेच वाळला.

मुहूर्ताच्या दिवशी नत्थूजी रीतीप्रमाणे बोगद्यात उतरले. गन लावली, दाबली. रंगाने तोंड बुजलेलं, त्यामुळे ग्रीस आत न जाता निपलच्या कडेने बाहेर आलं. बाहेर ग्रीसचा गोळा दिसला, म्हणजे आत भरलं, असं नत्थूजींना वाटलं. आणि डाग नको म्हणून त्यांनी तो गोळा सवयीने पुसून टाकला. सगळी बेअरिंगं अशीच झाली. साहेब त्या दिवशी हजर होते, पण पाहुण्यांना मशीन समजावून सांगण्यासाठी शेटजींनी त्यांना वरच अडकवून ठेवलं होतं. नत्थूजींनी वर येऊन "झालं साहेब" म्हटलं आणि नारळ फुटला.

गेल्या हंगामातलं जुनं ग्रीस काही आठवडे पुरलं. साहेब रोज बोगद्यात फेरी मारत, प्रत्येक घरावर हात ठेवत. रोज थोडं जास्त गरम. पुढे त्यांनीच मला सांगितलं की रोज जरा जरा वाढत गेलेलं हाताला कळत नाही, कालच्या हाताची आजच्या हाताला सवय झालेली असते. ते ऐकून मी घाबरलो होतो, कारण माझा सगळा भरवसा त्यांच्या हातावर होता.

भर हंगामातली दुपार. फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे. वर फळ्यांवर बाया कापूस टाकत होत्या. त्यांच्यात तिसऱ्या मशीनवर माझी याडी होती. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. पारूबाई तिचं नाव. ती माझ्या आधीपासून जिनिंगमध्ये होती आणि तिच्यासमोर मला कोणी फिटर म्हणून मान देत नसे.

साहेब बोगद्यातून वर आले. धावत नव्हते. जिनिंगमध्ये धावायचं नाही, लोक घाबरतात, असं तेच सांगायचे. सरळ मेन स्विचपाशी गेले आणि खटका पाडला. सगळ्या मशीन थांबल्या. इतक्या वर्षांत भर दुपारी अशी शांतता मी ऐकली नव्हती.

पहिली बोलली ती याडी. डोक्यावर भरलेली पाटी. "ओ साहेब, चालती मशीन काहून बंद केली? कापूस वरून टाकून राह्यलो ना आमी."

"बाया सगळ्या खाली उतरा. पाट्या तिथेच राहू द्या."

"पाटी रिकामी केल्याबिगर मी उतरत नसतो."

"पारूबाई," साहेब म्हणाले, "उतरा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण याडी उतरली. उतरताना तिने साहेबांना चार शिव्या दिल्या. त्यातल्या दोन त्यांना समजल्या असतील, दोन गोरबोलीत होत्या. साहेब फक्त शेवटची बाई उतरेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

नत्थूजी आणि मी वाळूच्या बादल्या घेऊन खाली उतरलो. तिसऱ्या मशीनच्या खालचं बेअरिंग. त्याच्याभोवती साठलेली रुई तांबूस झाली होती, तव्यावर भाजल्यासारखी, आणि एका कोपऱ्यातून बारीक धूर निघत होता. जाळ नव्हता. अजून नव्हता. आम्ही वाळू टाकली, रुई फावड्याने ओढून बाहेर काढली. घर उघडलं तर आत ग्रीसचा पत्ता नाही, पोलाद तापून निळं पडलेलं. मी वर पाहिलं. डोक्यावर हात पुरेल एवढ्या उंचीवर त्या फळ्या होत्या, जिथे थोड्या वेळापूर्वी याडी उभी होती. मी बादलीवरच बसलो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "प्रल्हादराव, उठा. बाकीची बघायची आहेत."

शेटजी तोवर आले होते. त्यांचीही बाजू सांगतो, कारण ते काही वाईट गृहस्थ नव्हते. बाहेर गाड्यांची रांग, गाडीवाल्यांची ओरड, आणि आग काही लागलेली नव्हती. ते म्हणाले, "विझलं ना? तेवढं बेअरिंग बदला आणि चालू करा. बाकीचं रात्री बघू."

"ज्या ब्रशने हे रंगवलंय त्याच ब्रशने बाकीची रंगवली आहेत," साहेब म्हणाले. "सगळी उघडून बघेपर्यंत शाफ्ट फिरणार नाही."

"टेंभेकर साहेब, जिनिंग माझी आहे."

"जिनिंग तुमची आहे. बोगदा मी सांभाळतो."

"मग उद्यापासून नका सांभाळू."

"बरं. आजचा सांभाळून देतो."

आणि त्यांनी मेन स्विचचे फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले. पांढऱ्या शर्टाचा तो खिसा खाली ओघळला होता. त्यांच्या घरी तेव्हा मुलीचं कॉलेज चालू होतं, मुलगा लहान होता, आणि यवतमाळला त्यांच्यासारख्या माणसाला दुसरी नोकरी दाराशी उभी नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेटजींनी इलेक्ट्रिशियनला दुसरे फ्यूज आणायला सांगितलं आणि बायांना वर चढायला. इथे मला वाटलं, संपलं. तांड्यावरच्या आणि गावातल्या या बाया. मालकाने चढा म्हटलं की चढायची त्यांना सवय. साहेबांनी बोगद्यातून आणलेली मूठभर तांबूस रुई याडीच्या हातात दिली. "पारूबाई, तुमच्या पायाखालची आहे."

याडीने ती बोटांनी कुस्करली. तिचा चुरा झाला. तिने वास घेतला. मग आपली पाटी दारातच पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"साहेब म्हनतीन तवाच चढू," ती शेटजींना म्हणाली.

तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. थोड्या वेळात दार भरलं. इलेक्ट्रिशियन फ्यूज घेऊन आला तो बाहेरच उभा राहिला, कारण आत जायला त्याला बायांना ओलांडावं लागलं असतं आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

तेवढ्यात राळेगावकडचा एक वयस्क शेतकरी, काय चाललंय ते पाहायला, दाराशी आला. "काहून बंद हाय बाप्पा? बैल सकाळपासून उभे हायेत." याडीने ती रुई त्याच्या तळहातावर ठेवली. कापूस पिकवणाऱ्या माणसाला भाजलेली रुई समजावून सांगावी लागत नाही. तो परत रांगेत गेला आणि मोठ्याने म्हणाला, "बैल सोडा रे, चारा टाका. आत पेटलं तं आपला गाडीतलाबी जाईन." त्यानंतर फाटकावरची ओरड थांबली. शेटजी ऑफिसात जाऊन बसले.

दिवेलागणीपर्यंत आम्ही एक-एक घर उघडत होतो. तिसऱ्यासारखीच आणखी काही कोरडी पडायला आली होती. साहेब स्वतः बोगद्यात वाकून, टाचणीने निपलच्या तोंडातला रंग खरडत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी "चढा" म्हटलं, आणि मगच बाया चढल्या.

त्या सकाळी ऑफिसात काय झालं ते मी दाराबाहेरून ऐकलं. शेटजींचा राग आता नत्थूजींवर गेला होता. नत्थूजींची निवृत्ती जवळ आली होती. साहेब म्हणाले, "रंग झाल्यावर निपल उघड्या आहेत की नाहीत, हे बघणं माझं काम होतं. मुहूर्ताला मी पाहुण्यांत रमलो, खाली उतरलो नाही. यांना काढायचं तर आधी मला काढा. नाहीतरी काल तुम्ही काढलंच आहे." मग शेटजींनी चहा मागवला, तिघांसाठी. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. नत्थूजी आपल्या तारखेला हार घालून निवृत्त झाले. चूक आपली होती हे साहेब आजही कोणालाही सांगतात, न विचारताही, आणि काकू म्हणतात की आता पुरे झालं.

पुढच्या वर्षी रंगाचा विषय निघाला तेव्हा याडी जुन्या फेटियाच्या, म्हणजे आमच्या बायांच्या घागऱ्याच्या, आणि लुगड्याच्या चिंध्यांचं गाठोडं घेऊन आली. "आमच्या पायाखालचं आमीच बांधू," तिने साहेबांना सांगितलं. फळ्यांवर काम करणाऱ्या बायाच बोगद्यात उतरल्या, प्रत्येक निपलला चिंधी बांधली आणि रंग वाळल्यावर त्यांनीच ती सोडली. ग्रीस गन लावली की आत जातंय की बाहेर येतंय ते पाहायला त्यांच्यातली एक उभी राहू लागली. साहेबांनी याला लगेच होकार दिला आणि मुहूर्ताच्या रीतीत घातलं. तेव्हापासून ऑइलमनच्या "झालं" नंतर बाया "झालं" म्हणतात, मग गुरुजी. लाल-पिवळ्या चिंध्या बांधलेला तो बोगदा मला फार देखणा दिसायचा.

साहेबांनी मला काय काय दिलं ते लिहायचं तर समितीची पानं पुरणार नाहीत. बेअरिंगवरचे आकडे वाचायला शिकवले, नकाशा वाचायला शिकवलं. माझं इंग्रजी कच्चं, तर रोज दुपारी डबा खाताना मशीनसोबत आलेल्या पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मी अडखळलो की भाजी पुढे सरकवायचे. स्वतः निवृत्त होताना माझ्या नावासाठी ते शेटजींच्या मुलापुढे अडून बसले. मला ते पहिल्या दिवसापासून "प्रल्हादराव" म्हणतात. त्या पहिल्या भेटीत नाव विचारलं नव्हतं, ते त्यांनी त्याच दिवशी फाटकावरून विचारून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता जुना शाफ्ट गेला. प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर आहे, ग्रीस नळ्यांतून आपोआप जातं आणि काही चुकलं तर अलार्म वाजतो. साहेब पाहायला आले होते. त्यांना आनंद झाला, खरोखर झाला. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतले ते नाहीत. नव्या इंजिनियर मुलीने सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि अलार्मलाच कोणी रंग दिला तर?" ती हसली. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ती नळ्यांच्या टोकाशी बेअरिंगवर हात ठेवून उभी होती.

सध्या साहेबांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातलं वंगण कमी झालंय. यावर आम्ही सगळे काय बोलणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून फोन करून त्यांनी स्वतःच आधी सांगून टाकलं आणि खूप हसले.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी तांड्यावर गेलो होतो. याडी आता थकली आहे, ऐकू कमी येतं. तिला म्हटलं, साहेबांना पंच्याहत्तर वर्षं झाली, त्यांचं पुस्तक निघतंय, तुझंही काही लिहू का?

"मले कितवं चालू हाय ते कोनाले ठाव," ती म्हणाली.

"लिही," ती म्हणाली, "तुया तिन्ही लेकराइले म्या न्हाऊ घातलं."

मी म्हटलं, याडी, ते घरचं झालं, साहेबांविषयी सांग.

"त्याइच्याविषयीच सांगून राह्यलो," ती माझ्यावर रागावून म्हणाली. "माह्या हातानं न्हाऊ घातलं. लिही तेवढं. त्याइले समजते."

साहेब, ती म्हणाली तेवढं मी लिहिलं आहे. त्या दुपारी माझं लग्नही झालं नव्हतं. तिने तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण आमच्यात आपल्या माणसाचे आभार मानत नाहीत. मीही मानत नाही. तुम्हाला आणि काकूंना पुष्कळ आयुष्य मिळो, ते निरोगी असो आणि तुम्ही येत राहा, एवढंच मागतो. माझ्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं आहे. तिला पहिली हळद याडी लावणार आहे, आणि ती लावत असताना तुम्हाला समोर बसलेलं मला पाहायचं आहे.